डबल आयपीए: प्लिनी की हेडी, आणि कपाटात मेलेली एक बाटली

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, नाहीतर कॅमेरा बंद करून स्टँडअपला बसला असाल, काय हरकत नाही, आपलं चालू द्या. आजचा विषय बीअरचा आहे. त्यामुळे २१ पूर्ण नसतील त्यांनी हा भाग निव्वळ इतिहास म्हणून ऐकावा. बाकीच्यांनीही तसाच ऐकला तरी चालेल.

तर सुरुवात होते माझ्या कपाटातून.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर आता बॉस्टनजवळ असतो. कामासाठी कॅलिफोर्नियाला गेला होता, तिथून दिवाळीला थेट पुण्यात आला. येताना माझ्यासाठी एक बाटली आणली. जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेली, वरून दोन मोजे चढवलेली. हिरवं लेबल, मध्ये लाल गोळा. प्लिनी द एल्डर. म्हणाला, "जगात भारी म्हणतात ती आणलीये तुला. खरी भारी वेगळीच आहे, पण ती मिळायला व्हरमाँटला जावं लागतं."

आता अशी बाटली कोणी लगेच उघडतं का? मी नाही उघडली. चांगल्या दिवसासाठी ठेवली. कपाटात, स्वेटरच्या मागे. प्रमोशन झालं जूनमध्ये. म्हणजे सात महिने गेले, आणि त्यात पुण्याचा एप्रिल-मे येऊन गेला. मग एक दिवस फ्रिजमध्ये टाकून गार केली, चांगला ग्लास काढला, फोटो काढला, घोट घेतला... आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. मागून काकवीसारखा चिकट गोडवा. हॉप्सचा म्हणावा तसा वासच नाही. मी प्रामाणिक माणूस, ॲपवर अडीच स्टार दिले आणि लिहिलं, "ओव्हररेटेड".

अर्ध्या तासात त्याचा फोन. शिव्या वगळून सांगतो. म्हणाला, "लेबल वाचलंस का रे?"

बाटली पालथी करून वाचलं. लेबलच्या कडेकडेनं अख्खा मजकूर एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगत होता: ताजी प्या, थंड ठेवा, साठवून ठेवू नका. मी म्हटलं, एक मिनिट. ही इंडिया पेल एल ना? लंडनहून आपल्याकडे यायला चार-सहा महिने लागायचे, शिडाच्या जहाजातून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, आणि तरी टिकायची, तीच ना? मग हिची डबल आवृत्ती माझ्या कपाटात सात महिन्यांत कशी काय मेली?

या प्रश्नानं मी जो वाचायला बसलो, तो हा भाग.

आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांना बीअर हवी होती, पण प्रवासात ती नासायची. मग लंडनच्या जॉर्ज हॉजसन नावाच्या ब्रुअरनं शक्कल लढवली. दारूचं प्रमाण वाढवलं, हॉप्स जास्त टाकले, कारण हॉप्स जंतूंना रोखतात, आणि अशी इंडिया पेल एल जन्माला आली. अर्ध्या ब्रुपबच्या मेन्यूवर ही कथा छापलेली असते. मीही पाचेक लोकांना ऐकवली होती.

मार्टिन कॉर्नेल नावाच्या ब्रिटिश बीअर-इतिहासकारानं जुनी वर्तमानपत्रं आणि जाहिराती उकरून या कथेचा पार चुरा केलाय. हॉजसन खरा होता. लंडनच्या पूर्वेला बो भागात त्याची ब्रुअरी १७५२ मध्ये सुरू झाली. पण त्यानं काही 'शोध' लावल्याचा पुरावा नाही. गरम देशात पाठवायच्या बीअरमध्ये जास्त हॉप्स घालावेत हा सल्ला ब्रुअर मंडळींना १७६० च्या दशकातच मिळत होता. बीअर सगळी नासायची हेही खरं नाही. काळी पोर्टर आपल्याकडे मजेत पोचत होती, आणि साधे गोरे सोल्जर मुख्यतः तीच प्यायचे. पेल एल होती अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. आणि ती फार कडक वगैरेही नव्हती. सहा-साडेसहा टक्के. त्या काळी इंग्लंडमध्ये घरोघरी याहून चढणाऱ्या एल होत्या.

मग हॉजसनच का? तर लोकेशन! कंपनीची जहाजं ब्लॅकवॉलला लागायची, आणि बो तिथून दोन-तीन मैलांवर. जहाजाच्या कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा थोडा खासगी माल नेऊन विकायची मुभा होती. तो माल त्यांनी घ्यायचा कुठून? जवळच्या दुकानातून. वर हॉजसन उधारी द्यायचा, तीही दीड-दीड वर्षाची. म्हणजे जाऊन, विकून, परत येऊन पैसे द्या. झालं. जगातल्या सगळ्यात चर्चेतल्या बीअरचं मूळ हे बंदराजवळचं दुकान आणि लांबची उधारी. आपल्याला मात्र एका हुशार माणसाची युरेका मोमेंट ऐकायला आवडते.

आता माझ्या कपाटाचा मुद्दा इथे येतो, म्हणून जरा थांबतो. हॉजसन जी बीअर पाठवायचा ती 'ऑक्टोबर एल' प्रकारातली होती. शरद ऋतूत नव्या सुगीच्या मालातून करायची, हॉप्स भरपूर, आणि जमीनदारांच्या तळघरात वर्ष-दोन वर्षं पडू द्यायची. ताजी प्यायची नव्हतीच ती. जहाजात काय व्हायचं? पिंपं हलायची, उष्णता वाढायची, आणि तळघरात दोन वर्षांत जे व्हायचं ते समुद्रावर चार-सहा महिन्यांत उरकायचं. मुंबई-कलकत्त्याला पिंप फोडलं की बीअर तयार. म्हणजे जुनी आयपीए प्रवासात 'टिकायची' नाही, ती प्रवासात मुरायची. लोणचं होतं ते. आणि माझ्या कपाटात होती ती कोथिंबीर. दोघांनाही आपण आयपीए म्हणतो, एवढंच.

'ईस्ट इंडिया पेल एल' हा शब्द छापील जाहिरातीत सापडतो १८२९ मध्ये, आणि तोही कुठे, तर ऑस्ट्रेलियात, सिडनी गॅझेटमध्ये. इंडियाचं नाव, लंडनचा माल, सिडनीची जाहिरात. ग्लोबलायझेशन म्हणतात ते आणखी काय असतं!

हॉजसनचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १८२० च्या सुमारास त्याच्या वारसांना हाव सुटली. उधारी बंद, भाव वर, आणि मधल्या कप्तानांना टाळून माल आपणच पाठवायचा. कंपनीतले लोक चिडले. कॅम्पबेल मार्जोरीबँक्स या कंपनीच्या संचालकानं १८२२ मध्ये बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसपला गाठलं आणि तसलीच बीअर करायला सांगितलं. बर्टनवाल्यांचा रशियाचा धंदा जकातीमुळे नुकताच बसला होता, त्यामुळे त्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. पहिला नमुना चहाच्या किटलीत केला असं सांगतात. किटलीवर माझा फारसा विश्वास नाही, पण ऐकायला छान वाटतं. खरी कमाल बर्टनच्या पाण्याची होती. त्यात जिप्सम भरपूर, आणि त्यानं हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, खणखणीत लागतो. काही वर्षांतच ऑलसप आणि बास यांनी हॉजसनला मागे टाकलं. बासचा लाल त्रिकोण म्हणजे ब्रिटनमधला पहिला नोंदवलेला ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६. पॅरिसच्या बारमधल्या मुलीचं एदुआर मानेचं १८८२ चं ते प्रसिद्ध चित्र आठवतंय? काउंटरवरच्या बाटल्यांवर झूम करा, त्रिकोण दिसेल.

मग लागर आली, युद्धं आली, कर आले. विसाव्या शतकात इंग्लंडमधली आयपीए चार टक्क्यांच्याही खाली घसरली, नावापुरती उरली. इकडे आपल्याकडे डोंगरात बीअर बनू लागली होती. कसौलीच्या ब्रुअरीचा संस्थापक एडवर्ड डायर. हो, जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप. बीअरचा इतिहास वाचताना असे खड्डे मध्येच लागतात. मी हे वाचून त्या दिवशी लॅपटॉप बंद केला.

आता उडी थेट अमेरिकेत.

तिकडे दारूबंदी १९२० ते १९३३. त्यातून वाचल्या त्या बहुतेक मोठ्या कंपन्या, आणि त्यांची एकसारखी, पाणचट लागर. बदल सुरू झाला एका वेलीमुळे. १९७२ मध्ये सरकारी संशोधनातून 'कॅस्केड' नावाचा हॉप्सचा वाण बाहेर आला. युरोपियन हॉप्सना मातीचा, मसाल्याचा वास असतो. याला होता पपनसासारखा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये तो भरभरून वापरला. १९७८ मध्ये जिमी कार्टरनी घरी बीअर बनवायला कायदेशीर वाट मोकळी करणाऱ्या विधेयकावर सही केली. मग गॅरेजांमध्ये पातेली चढली. आपल्या धंद्यात गॅरेजमधून कंपन्या निघाल्या त्याच राज्यात, जवळपास त्याच वर्षांत, बाजूच्या गॅरेजमध्ये हे चालू होतं.

आणि आता आला आपला हीरो, विनी सिलुर्झो. दक्षिण कॅलिफोर्नियातलं टेमेक्युला गाव, आईबापांचा द्राक्षाचा मळा आणि वायनरी. पोरगा वळला बीअरकडे. १९९४ मध्ये 'ब्लाइंड पिग' नावाची छोटी ब्रुअरी टाकली. भांडी जुनाट, धड नव्हती. त्याला भीती होती की पहिल्याच घाण्याला या भांड्यांची भलतीसलती चव उतरेल. म्हणून त्यानं काय केलं? आपल्या आयपीएच्या रेसिपीतले हॉप्स दुप्पट केले आणि माल्ट सुमारे तीस टक्के वाढवलं. काही चुकलंच तर हॉप्सखाली झाकलं जाईल!

मंडळी, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. जगभरात ज्या शैलीसाठी लोक रात्रभर रांगा लावतात, ती सुरू झाली बग लपवण्यासाठी. आपण प्रोडक्शनमध्ये जे रोज करतो तेच.

ओरेगॉनच्या 'रोग' ब्रुअरीचं नावही या 'पहिला कोण' वादात घेतलं जातं, आणि कोणीतरी कुठेतरी आधी केलंच असेल. पण धागा सलग दिसतो तो विनीचाच.

हे 'डबल' म्हणजे नेमकं काय, ते स्वयंपाकघरातून सांगतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती उकळीच्या सुरुवातीला टाकलीत तर त्यातली आम्लं उकळून कडूपणा सुटतो, वास मात्र वाफेबरोबर उडून जातो. शेवटी टाकलीत तर वास राहतो, कडूपणा कमी. आंबवण झाल्यावर थंड बीअरमध्ये टाकलीत, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, तर जवळजवळ निव्वळ वास. हिंग-मोहरी आधी, कोथिंबीर शेवटी, इतकं सोपं. आता कडूपणा दुप्पट केला तर प्यायचं कसं? कारल्याच्या भाजीत आई गूळ घालते तसं माल्ट वाढवायचं. पण माल्ट वाढलं की साखर वाढली, साखर वाढली की यीस्ट जास्त दारू करणार. म्हणून आठ-नऊ टक्के. ती दारू हा खरं तर हेतू नव्हे, गुळाचा साइड इफेक्ट आहे.

आणि गूळ जास्त झाला तर भाजी काय लागते, ते माहितीये. अर्ध्या डबल आयपीए इथेच पडतात. गोड, जड, दुसरा घोट नको असं वाटायला लावणाऱ्या. विनीची खरी हुशारी दुप्पट करण्यात नव्हती, नंतरच्या वजाबाकीत होती. तो थोडी साधी मक्याची साखर घालतो. ती यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, दारू मिळते पण अंगाचा जडपणा येत नाही. आठ टक्के असूनही बीअर कोरडी, हलकी. आणि ही रेसिपी त्यानं होमब्रुअर मंडळींना स्वतःच देऊन टाकली. ओपन सोर्स. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी माझं मत अर्धं झुकलं होतं, पक्षपात मान्य.

तर, कॉर्बेल नावाच्या शॅम्पेनवाल्यांनी 'रशियन रिव्हर' ही ब्रुअरी काढली होती, तिथे विनी १९९७ मध्ये रुजू झाला. २००० च्या सुमारास हेवर्ड गावातल्या 'द बिस्ट्रो' या बारनं डबल आयपीएंचा महोत्सव ठरवला. मोजक्याच ब्रुअऱ्या ही बीअर करत होत्या. विनीनं त्या महोत्सवासाठी एक घाणा काढला आणि नाव ठेवलं प्लिनी द एल्डर. प्लिनी म्हणजे पहिल्या शतकातला रोमन निसर्गअभ्यासक, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो मेला. हॉप्सचा पहिला लेखी उल्लेख त्याचा, अशी समजूत. गंमत म्हणजे त्यानं उल्लेखलेली वनस्पती हॉप्सच होती का, यावरही अभ्यासकांना शंका आहे. म्हणजे 'इंडिया'ची गोष्टही संशयास्पद, 'प्लिनी'चीही. बीअर मात्र खरी निघाली. पुढे कॉर्बेलनं बीअरचा धंदा सोडला, विनी आणि नॅटली या नवराबायकोनं ब्रँड घेतला आणि २००४ मध्ये सँटा रोझा गावात आपला ब्रुपब उघडला. २००५ मध्ये तिप्पट आवृत्ती आणली, सव्वादहा टक्क्यांची. नाव अर्थातच प्लिनी द यंगर, थोरल्याचा पुतण्या. ती वर्षातून दोनेक आठवडेच मिळते. त्या रांगेमुळे काउंटीच्या अर्थव्यवस्थेत किती डॉलर येतात याचा हिशोब तिथल्या आर्थिक विकास मंडळानं मांडलाय.

२००३ मध्ये ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हलनं डबल आयपीएला वेगळा गट दिला, तोवर शर्यत लागलीच होती. 'स्टोन'नं रुइनेशन आणली. डेलावेअरच्या 'डॉगफिश हेड'च्या सॅम कॅलाजिओनला टीव्हीवरच्या एका शेफनं सूपमध्ये मिरपूड थोडी थोडी, सतत टाकलेली दिसली. त्यानं लहान मुलांचा हलणारा टेबल-फुटबॉलचा खेळ तिरका लावून उकळत्या बीअरमध्ये नव्वद मिनिटं हॉप्स सोडले. तीच नाइन्टी मिनिट आयपीए. बाकी बऱ्याच जणांनी फक्त कडूपणाचा आकडा वाढवत नेला. ठरावीक पातळीपुढे जिभेला फरक कळेनासा होतो, पण लेबलवर छापायला आकडा बरा. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाढत होते तो जमाना आठवा. त्या मधल्या काळातल्या बहुतेक बीअर विसरल्या गेल्या, आणि विसरल्या गेल्या ते बरंच झालं.

आता माझ्या मित्राचा पक्ष. व्हरमाँट. देशाच्या दुसऱ्या टोकाचं, थंड, डोंगराळ राज्य. जॉन किमिच आणि त्याची बायको जेन यांनी २००३ मध्ये वॉटरबरी गावात 'द अल्केमिस्ट' नावाचा ब्रुपब काढला. पुढच्या वर्षी जॉननं हेडी टॉपर केली. आठ टक्के, डबल आयपीए, पण प्लिनीच्या पार उलट स्वभावाची. गाळलेली नाही, गढूळ, मऊ, पीच-संत्र्याच्या वासाची, कडूपणा मागच्या बाकावर. यातला मोठा वाटा यीस्टचा. जॉन ज्याच्या हाताखाली शिकला तो बर्लिंग्टनचा ग्रेग नूनन. त्यानं इंग्लंडहून आणलेलं यीस्ट जॉनकडे आलं. लोक त्याला 'कोनन' म्हणतात. ही बीअर फक्त त्या पबमध्ये मिळायची. लोक ग्लास घेऊन बाथरूममध्ये जायचे आणि चोरून बाटलीत भरून न्यायचे असं सांगतात.

मग २८ ऑगस्ट २०११. आयरीन वादळ. वॉटरबरीत नदी गावात शिरली आणि पब बुडाला. सगळं गेलं. तळघरातली भांडी गेली, रेसिपी लिहिलेले कागदही गेले. पण किमिच दांपत्यानं गावातच, उंचावर, डबे भरायचं छोटं युनिट उभारलं होतं, आणि ते सुरू व्हायच्या बेतात होतं. पब वाहून गेल्यावर काही दिवसांतच हेडी टॉपरचा पहिला डबा तिथून बाहेर पडला. डब्यावर सूचना: डब्यातूनच प्या. कारण ग्लासात ओतलं की वास उडतो आणि गढूळपणा बघून लोक नाक मुरडतात. पुढे त्या गढूळपणाचीच फॅशन झाली. आज पुण्या-बंगळुरूच्या ब्रुपबमध्ये 'हेझी' म्हणून जे मिळतं, त्याची गंगोत्री ही. गर्दी इतकी वाढली की २०१३ मध्ये वाहतुकीच्या कटकटीनं त्यांना आपलंच दुकान बंद करावं लागलं. २०१६ मध्ये स्टोवला नवी ब्रुअरी उघडली.

तर वाद असा. झायमर्जी नावाचं होमब्रुअर मंडळींचं मासिक दर वर्षी वाचकांकडून अमेरिकेतली सर्वोत्तम बीअर निवडून घ्यायचं. २००९ ते २०१६, सलग आठ वर्षं, प्लिनी पहिली. तर ऑनलाइन रेटिंगच्या याद्यांमध्ये हेडी वर्षानुवर्षं शिखरावर. माझा मित्र रेटिंग दाखवतो, मी झायमर्जी दाखवतो. आणि २०१७ मध्ये झायमर्जीत कोण पहिलं आलं? मिशिगनच्या 'बेल्स'ची टू हार्टेड. सात टक्के, डबलसुद्धा नाही, आणि हॉप्सचा एकच वाण, सेंटेनिअल. बाजारात सहज मिळणारी. दोघांचीही तोंडं बंद.

माझं म्हणणं असं, की हे आकडे बीअर मोजतच नाहीत, लोकांना मोजतात. हेडीला रेटिंग कोणी दिलं? जे तीन-चार तास गाडी चालवून गेले, रांगेत उभे राहिले, डबा मिळवला, त्यांनी. ज्याला उत्सुकता नव्हती तो गेलाच नाही. सुट्टी काढून, गाडी करून मिसळ खायला कोल्हापूरला गेलेला माणूस परत येऊन 'ठीक होती' म्हणेल का? सिलेक्शन बायस, मंडळी. मशीन लर्निंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि उलट बाजूला माझ्यासारखे, जे सात महिने शिजवलेली बाटली पिऊन अडीच स्टार देतात. तो आकडाही सरासरीत गेलाच की.

आपल्याकडे तर हा वाद आणखी मजेशीर. पुण्यात 'डूलाली' २००९ मध्ये सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. त्याआधी बीअर म्हणजे माइल्ड का स्ट्राँग, एवढाच प्रश्न. स्ट्राँगच्या बाटलीवर आठ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं. प्लिनीही आठ टक्के. आकडा तोच. एकात आठ टक्के हा अख्खा मुद्दा असतो, दुसऱ्यात कारल्यातल्या गुळाचा हिशोब. मी पहिल्यांदा पुण्यात आयपीए मागवली तेव्हा वेटर काळजीनं म्हणाला होता, "सर, कडू असते हं. चालेल?" पुढे अनेकदा वाटलं की याहून प्रामाणिक परीक्षण मी वाचलेलं नाही.

शेवट सांगतो. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बे एरियात होतो. एका शनिवारी बस बदलत बदलत सँटा रोझाला गेलो. रांग नव्हती, यंगरचा मोसम नव्हता. काउंटरवर एल्डर मागवली. त्याच आठवड्यात भरलेली. ग्लास नाकाशी नेला आणि ओल्या पाइनच्या जंगलाचा, संत्र्याच्या सालीचा वास आला. पहिला घोट कडू, नंतर एकदम कोरडा, आणि गोडवा कुठेच चिकटलेला नाही. पुठ्ठा नाही, काकवी नाही. ही ती बीअर नव्हतीच जी माझ्या कपाटात होती. मला थोडं वाईटच वाटलं. त्या पोरानं मोज्यांत गुंडाळून एवढ्या लांबून आणली होती, आणि मी तिला लोणच्यासारखी बरणीत ठेवली.

तिथूनच त्याला व्हिडिओ कॉल लावला. बॉस्टनला रात्र झाली होती. मी ग्लास दाखवला आणि म्हणालो, "तुझ्या हेडीपेक्षा ही भारी." माझं मत अजूनही तेच आहे. एक तर ही नितळ आहे, नितळ बीअरमध्ये काही लपवता येत नाही, आणि लपवण्यासाठी सुरू झालेली गोष्ट जर उघडी करून दाखवण्यापर्यंत पोचली असेल तर मी तिच्या बाजूनं. तो म्हणाला, "तू हेडी प्यायलायस का कधी?"

नाही प्यायलो.

"मग गप्प बस. आणि ते अडीच स्टार काढ आधी."

काढले. नवीन काही दिले नाहीत. पुढच्या दिवाळीला तो येतोय, डबा आणतो म्हणालाय. यावेळी विमानतळावरच थंड पेटी घेऊन जाणार आहे, आणि त्याच रात्री उघडणार आहे. ज्यांना निकाल ऐकायचाय त्यांनी दिवाळीनंतरचा भाग चुकवू नका. तोवर, तुमच्या शहरातली कुठली आयपीए चांगली ते मला कळवा. आणि भरल्याची तारीख बघून मगच कळवा. चला, भेटूच!